लाख, बिब्बा आणि सोन्यावरचा एक थर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका टिपणात असे म्हटले होते की, घन पृष्ठभागावरील पातळ थराचे रासायनिक रूप विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, साहाय्याने बदलता येते आणि त्यासाठी तीव्र आम्ल, अल्कली किंवा मोठी उष्णता लागत नाही. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावी लाखकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोरड्या हवेत हात चांगला बसतो आणि पावसाळ्यात कामाचा खोळंबा होतो, असा आमचा अनुभव आहे. जपानमध्ये मात्र लाखेच्या वस्तू वाळवण्यासाठी मुद्दाम दमट कपाटात ठेवतात, असे वाचले. हे खरे आहे काय? असल्यास त्यात विकराचा काय संबंध? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, परंतु येथे नावाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे आणि तो आधी निस्तरायला हवा. आपली लाख ही एका कीटकाने झाडांच्या फांद्यांवर तयार केलेली राळ होय. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, लाकडावर पसरते आणि थंड झाली की घट्ट होते. स्पिरिटमध्ये विरघळवून लावली, तर स्पिरिट उडून गेल्यावर ती मागे उरते. या दोन्ही प्रकारांत घट्ट होण्यासाठी रासायनिक बदल घडावा लागत नाही, आणि म्हणूनच वाळलेल्या लाखेवर स्पिरिटचा बोळा फिरवला की ती पुन्हा सुटते. जपानची 'उरुशी' हा मात्र टॉक्सिकोडेन्ड्रॉन व्हर्निसिफ्लुअम या झाडाचा चीक आहे. चीन, कोरिया आणि जपान या देशांत हे झाड वाढते. युरोपातील व्यापाऱ्यांनी या दोन्ही वस्तूंना एकाच नावाने ओळखले, आणि 'लॅकर' हा तो इंग्रजी शब्द आपल्या 'लाक्षा' या शब्दापासूनच फिरत फिरत तिकडे पोहोचलेला आहे.

या चिकाची घडण लोण्यासारखी असते. लोण्यात जसे स्निग्धांशाच्या आत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात, तसे या चिकात 'उरुशिओल' नावाच्या तेलकट द्रव्यात पाण्याचे थेंब विखुरलेले असतात. चिकाचा सुमारे 60 ते 65 टक्के भाग उरुशिओलचा, 20 ते 30 टक्के पाण्याचा आणि उरलेला डिंक व प्रथिने यांचा असतो. या प्रथिनांमध्ये अवघे 0.2 टक्क्यांच्या आसपास असलेले एक विकर पाण्याच्या थेंबांत राहते. त्याचे नाव लॅकेज. त्याच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे चार अणू असतात. त्यांच्या आधारे ते उरुशिओलच्या रेणूकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेते आणि हवेतील ऑक्सिजनला देते. इलेक्ट्रॉन गमावलेले उरुशिओलचे रेणू कमालीचे क्रियाशील बनतात आणि शेजारच्या रेणूंशी कायमचे जोडले जातात, तर ऑक्सिजनचे शेवटी पाणी होते.

आता दमट कपाटाचा उलगडा होईल. हवा कोरडी असली तर आधीच पातळ पसरलेल्या थरातील पाण्याचे थेंब सुकून जातात, विकराला काम करण्यासाठी जागाच उरत नाही आणि थर दिवसेन्‌दिवस चिकट राहतो. म्हणून जपानी कारागीर 'फुरो' किंवा 'मुरो' नावाच्या लाकडी कपाटाच्या भिंती ओल्या फडक्याने पुसून आत 70 ते 80 टक्के आर्द्रता राखतात. तापमान 20 ते 30 अंश सेल्सिअस पुरते. आपण ज्याला 'वाळणे' म्हणतो, ते येथे पाणी उडून जाणे नसून पाण्याच्या साक्षीने रेणूंची जाळी विणली जाणे आहे. अर्थात विकर हे काम सुरू करून देते, तडीला नेत नाही. थर हाताला लागेनासा झाला की त्यातील रेणूंची हालचाल मंदावते, आणि पुढे उरुशिओलला जोडलेल्या 15 कार्बनी शेपट्या जवसाच्या तेलाप्रमाणे हवेतील ऑक्सिजन सावकाश घेत एकमेकींत गुंतत जातात. हा दुसरा टप्पा आठवड्यांचा आणि महिन्यांचा असतो. थर जाड दिला किंवा आर्द्रता फार वाढवली, तर वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि खालचा भाग ओला राहून पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. म्हणूनच पातळ पातळ अनेक हात देण्याची शिस्त आली.

हा सारा खेळ विकराचा आहे हे प्रथम दाखवण्याचे श्रेय हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनतज्ज्ञाकडे जाते. त्याने 1883 साली प्रसिद्ध केलेल्या शोधलेखात चिकातील घट्ट होण्याची शक्ती उष्णतेने नाहीशी होते, असे नोंदवले. पुढे 1890 च्या दशकात गाब्रिएल बर्त्रां या फ्रेंच शास्त्रज्ञाने या विकराला लॅकेज हे नाव दिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत रिको माजिमा याने उरुशिओलची रचना उलगडली. लाखेशी काडीचाही संबंध नसलेल्या विकराच्या नावात आपली लाख जाऊन बसली ती अशी.

कारागिरांना हे सूत्र हातानेच ठाऊक असावे, असे त्यांच्या रीतींवरून दिसते. चीक लावण्यायोग्य करताना तो ढवळत ढवळत मंद उष्णतेवर त्यातील जास्तीचे पाणी उडवतात, परंतु ही उष्णता साधारण 40 अंशांच्या आसपासच ठेवतात, कारण त्यापलीकडे फार गेल्यास विकर निकामी होते. याउलट लोखंडी चिलखते आणि किटल्या यांच्यावर हाच चीक लावून तो शंभर अंशांच्या बऱ्याच वर भाजतात. तेथे विकर जळून गेले तरी बिघडत नाही, कारण जाळी विणण्याचे काम उष्णताच करते. लाकूड ती उष्णता सोसू शकत नाही, एवढाच प्रश्न असतो.

प्रश्न : बिब्बा आणि काजू यांच्या टरफलांतील तेल अंगाला लागले की फोड येतात. जपानी चिकानेही फोड येतात असे समजते. मग आपल्याकडच्या या तेलांचाही विकराच्या मदतीने तसाच टिकाऊ थर बनवता येणार नाही काय? (एक बागायतदार, कुडाळ तालुका)

उत्तर : आपण फोडांवरून जे नाते ओळखले आहे ते अगदी बरोबर आहे. बिब्बा, काजू, आंबा आणि जपानी उरुशीचे झाड हे सारे एकाच कुळातले आहेत, आणि आंब्याच्या देठाचा चीक ओठांना लागून भाजल्याचा अनुभव कोकणात लहानपणी कोणाला आला नाही? या कुळातील अनेक झाडे फिनॉलच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा (हायड्रॉक्सिल) गट असलेल्या सहा कार्बनच्या, कड्याला कार्बनची लांब शेपटी जोडलेले तेलकट रेणू बनवतात. अंगावर बिब्बा उततो तोही याच रेणूंमुळे. ते त्वचेत शिरतात, तेथील प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून प्रतिकार करते.

बिब्ब्याच्या तेलातील रेणू उरुशिओलचे अगदी जवळचे भाऊबंद आहेत. दोघांच्याही कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतात आणि दोघांनाही 15 कार्बनी शेपटी असते. गोडंबी काढून उरलेल्या या टरफलाच्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करीत आणि खूण पक्की होण्यासाठी तीवर चुना लावीत. चुन्याच्या अल्कलीमुळे हा रस हवेतील ऑक्सिजन झपाट्याने घेतो आणि धाग्यावर काळा, न सुटणारा थर बनतो. जे काम जपानी चिकात विकर करते त्याच्यासारखेच काम येथे चुन्याने करून घेतले, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की चुन्याच्या कामाला लगाम नसतो, त्यामुळे खूण उत्तम उठते, पण झळाळीचा सपाट थर काही मिळत नाही.

काजूचे प्रकरण थोडे अवघड आहे. काजूच्या टरफलाचे तेल भाजून काढले की त्यात प्रामुख्याने कार्डानॉल हा रेणू उरतो. त्याला शेपटी तीच, 15 कार्बनची. परंतु कड्यावर हायड्रॉक्सिल गट एकच असतो. शेजारच्या दुसऱ्या गटाअभावी इलेक्ट्रॉन काढून घेणे कठीण जाते, आणि लॅकेजसाठी तो उरुशिओलइतका सोपा घास राहत नाही. म्हणून संशोधकांनी दुसरी वाट धरली. सोयाबीनच्या टरफलात पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते. ते ऑक्सिजनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते आणि कार्डानॉलचे रेणू एकमेकांना जोडू शकते. हॉर्सरॅडिश या मुळापासून मिळणारे पेरॉक्सिडेज एकट्याने हे काम करीत नाही. त्याला इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा एखादा मध्यस्थ रेणू द्यावा लागतो. अशा रीतीने बनलेले बहुवारिक (पॉलिमर) पृष्ठभागावर पसरून पुढे हवेत किंवा उष्णतेने घट्ट करता येते. जपानमध्ये याला कृत्रिम उरुशी म्हणत त्यावर पुष्कळ काम झाले आहे. कोकण आणि गोव्यात काजूची टरफले ढिगांनी निघत असताना हा विषय आपल्या विद्यापीठांनी आपला म्हणून हाती घ्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तोवर घरगुती प्रयोगांच्या भानगडीत मात्र पडू नये. चांगल्या कामात बिब्बा घालायचा माझा हेतू नाही, परंतु भाजून काढलेल्या तेलातही त्वचेला घातक असे रेणू थोडेफार शिल्लक असतात.

प्रश्न : सोन्याच्या पृष्ठभागावर एकाच रेणूच्या जाडीचा थर बसवून त्यावर विकराची क्रिया घडवण्याचा प्रकल्प आम्हाला दिला आहे. द्रावणात झटपट काम करणारे विकर या थरावर मात्र जवळजवळ काहीच करीत नाही. आमचे कोठे चुकत असावे? आणि इतक्या पातळ थरात बदल झाला की नाही, हे निश्चित कसे ओळखावे? (एम. एस्सी. चा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपले चुकत नसून थरच फार नीटनेटका झाला असावा, अशी माझी शंका आहे. गंधकाचे टोक असलेले लांब रेणू (उदाहरणार्थ थायॉल) सोन्यावर आपोआप रांगेत उभे राहतात, हे राल्फ नुझ्झो आणि डेव्हिड अलारा यांनी 1983 साली दाखवले. या रांगांची दाटी इतकी असते की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 4.6 × 10¹⁴ रेणू मावतात, म्हणजे दोन शेजाऱ्यांमध्ये अर्धा नॅनोमीटरच अंतर उरते. आता विकराचा विचार करा. क्युटिनेज (एस्टर बंध तोडणारे) किंवा ट्रिप्सिन (प्रथिने तोडणारे) यांसारखे लहानसे विकरही चार नॅनोमीटरच्या आसपास रुंद असते, आणि त्याचे क्रियास्थळ, म्हणजे जेथे प्रत्यक्ष क्रिया घडते ती जागा, पृष्ठभागावर उघडे नसून एका खाचेत असते. ज्या बंधावर त्याने घाव घालायचा तो बंध त्या खाचेत शिरायला हवा. द्रावणात रेणू मोकळा फिरतो, वळतो आणि सहज आत शिरतो. येथे मात्र सगळे रेणू खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि विकराला कोणाचेही मनगट धरता येत नाही.

यावरचा उपाय मिलन मर्कसिच आदी संशोधकांनी रूढ केला आहे. ज्या रेणूवर क्रिया घडवायची तो थरात थोड्या प्रमाणातच मिसळावा, त्याचे टोक इतरांपेक्षा उंच ठेवावे आणि बाकीची जागा एथिलीन ग्लायकॉलची टोके असलेल्या रेणूंनी भरावी. या टोकांना प्रथिने सहसा चिकटत नाहीत, त्यामुळे विकर पृष्ठभागावर वाटेल तेथे चिकटून निकामी होण्याचा धोकाही टळतो. हा दुसरा धोका विद्यार्थी हमखास विसरतात. पाण्याशी फटकून वागणाऱ्या उघड्या थरावर विकर स्वतःच उलगडून पसरते, आणि मग ते तेथे आहे पण कामाचे नाही, अशी अवस्था होते.

दाटीचा हा अडसर नवा नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या लेसिथिन या स्निग्ध द्रव्याच्या एका रेणूइतक्या जाड थरावर सापाच्या विषातील विकर सोडून ह्यूज या संशोधकाने 1935 सालीच पाहिले होते की, थर जसजसा दाबून दाट करावा तसतशी क्रिया मंदावते. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने, अभ्रकावर बसवलेल्या लिपिडांच्या (स्निग्ध रेणूंच्या) दुहेरी थरावर ते तोडणारे फॉस्फोलायपेज हे विकर सोडून, सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा विकर अखंड भागाला सहसा हात लावीत नाही, जेथे आधीच भोक किंवा कड आहे तेथून कुरतडायला सुरुवात करते, हे चित्रांतच दिसले. आपल्या पाठ्यपुस्तकातील 1913 सालचे मिकेलिस आणि मेंटेन यांचे विकरक्रियेच्या वेगाचे समीकरण विकर व रेणू दोन्ही द्रावणात मोकळे आहेत असे गृहीत धरते. पृष्ठभागावर ते जसेच्या तसे लावू नये. येथे आधी विकर थरावर उतरते, मग एक तर तेथेच सरकत सरकत अनेक रेणूंवर काम करते किंवा एकेका कामानंतर उडी मारून परत द्रावणात जाते, आणि यांपैकी काय घडते यावर वेगाचे सारे गणित अवलंबून असते.

मोजमापाविषयी. 16 कार्बनी थायॉलचा संपूर्ण थर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.2 मायक्रोग्रॅम भरतो, म्हणजे साध्या तराजूचा येथे उपयोग नाही. कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर सोन्याचा मुलामा देऊन त्यावर थर बसवला, तर वस्तुमान घटताच कंपनांची वारंवारिता वाढते. 5 मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकात 1 हर्ट्‌झचा फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 17.7 नॅनोग्रॅमचा असतो. परंतु वस्तुमान घटले याचा अर्थ नेमका कोणता बंध तुटला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लेसरने थरातील रेणू उडवून त्यांचे वस्तुमान वर्णपट काढणे, म्हणजे प्रत्येक रेणूचे वजन मोजून तो ओळखणे, हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि आपल्या जवळच्या एखाद्या संस्थेत ते यंत्र उपलब्ध असल्यास आधी तेथे वेळ मागावा. स्पर्शकोन, म्हणजे पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन, मोजणे स्वस्त आणि झटपट खरे, पण एकट्या त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये. कारण पुढच्याच पत्राच्या उत्तरात सापडेल.

प्रश्न : पॉलिएस्टर कापड घाम शोषत नाही. कॉस्टिक सोड्याऐवजी विकराने त्याचा पृष्ठभाग सुधारता येतो असे एका विक्रेत्याने सांगितले आणि नमुन्यावर पाण्याचा थेंब लगेच पसरलेलाही दाखवला. यावर विश्वास ठेवावा का? धागा कमजोर होईल का? (एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : धागा कमजोर होण्याची भीती विकराच्या बाबतीत कमी आहे. कॉस्टिक सोडा धाग्याचा वरचा थर अक्षरशः सोलून काढतो, त्यामुळे कापडाचे वजन घटते आणि प्रक्रिया लांबली की ताकदही जाते. क्युटिनेजसारखे विकर मात्र धाग्याच्या आत शिरू शकत नाही. ते पृष्ठभागावरच्या सैल, अस्फटिकी भागातील साखळ्या तोडते आणि तुटलेल्या टोकांवर पाण्याशी सलगी करणारे आम्ल व अल्कोहोल गट मागे ठेवते. ओढून ताणलेल्या धाग्यात स्फटिकी भाग बराच असतो आणि तो विकराला दाद देत नाही. जपानमधील साकाई येथे सापडलेला, 2016 साली प्रसिद्ध झालेला इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू पॉलिएस्टरची पातळ फिल्म 30 अंशांना सुमारे सहा आठवड्यांत खातो, म्हणून बराच गाजला. पण ती फिल्म अस्फटिकी होती, हे बातम्यांतून गळून गेले.

विक्रेत्याच्या थेंबावर मात्र लगेच विश्वास ठेवू नये. विकर हे स्वतः एक प्रथिन आहे, आणि ते कापडाला नुसते चिकटून राहिले तरी पाण्याचा थेंब पसरतो. बंध एकही तुटलेला नसतो आणि दोनचार धुण्यांत गुण उतरतो. आपण त्याला दोन गोष्टी करायला सांगाव्यात. पहिली, उकळून मारलेल्या विकराच्या द्रावणातून कापडाचा दुसरा तुकडा तितकाच वेळ काढावा. दुसरी, दोन्ही तुकडे साबणाने व गरम पाण्याने कसून धुऊन, वाळवून मग थेंब टाकावा. दोन्हींवर थेंब सारखाच वागला तर पैसे खिशातच ठेवावेत. प्रक्रियेच्या द्रावणात टेरेफ्थॅलिक आम्ल मोकळे झाले आहे का, हे तपासून घेता आले तर अधिक चांगले, कारण ते पॉलिएस्टरची साखळी तुटल्याशिवाय येत नाही.

प्रश्न : जुने एक्स-रे विकत घेणारे लोक त्यातून चांदी काढतात म्हणे. त्यासाठी फिल्म जाळतात, हे खरे का? विकराने हे होऊ शकते का? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : काही ठिकाणी जाळतात, आणि ते अगदी वाईट आहे, धुरामुळे तर आहेच, शिवाय पॉलिएस्टरचा उत्तम पाया त्यात फुकट जातो. एक्स-रे फिल्ममध्ये पॉलिएस्टरच्या पत्र्यावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चांदीचे काळे कण त्या जिलेटिनमध्ये रुतलेले असतात. जिलेटिन हे प्रथिन आहे. कारखान्यात ते रसायनांनी कणखर केलेले असल्यामुळे कोमट पाण्याने सुटत नाही, पण अल्कलीत काम करणारे, प्रथिने तोडणारे प्रोटिएज विकर त्याचे तुकडे करते. चांदी गाळ होऊन खाली बसते आणि पारदर्शक पत्रा जसाच्या तसा हाती येतो, कारण प्रोटिएजला पॉलिएस्टरमध्ये तोडण्याजोगा पेप्टाइड बंधच सापडत नाही. भारतातील अनेक प्रयोगशाळांनी बॅसिलस जिवाणूंपासून मिळवलेली अशी विकरे या कामासाठी तपासून पाहिली आहेत.

आपण शिकवीत होता म्हणून सांगतो, शाळेच्या प्रयोगशाळेत हे मुलांना दाखवता येते. धुतलेल्या जुन्या कृष्णधवल फिल्मच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, एक ट्रिप्सिनच्या ताज्या द्रावणात आणि दुसरी तेच द्रावण उकळून थंड केल्यावर त्यात बुडवावी, आणि दोन्ही परीक्षानळ्या साधारण 37 अंशांच्या पाण्यात ठेवाव्यात. पहिल्या नळीत काही वेळाने काळा रंग ढगासारखा सुटून पट्टी काचेसारखी स्वच्छ होते. उकळलेल्या द्रावणातली पट्टी काळीच राहते.